डाव्या चाकाचा बूट

अप्पा, पांढऱ्या गाडीचा डावा बूट फाटला.

तुम्ही असता तर एवढ्यावरून पुढचं सगळं तुम्हाला समजलं असतं. तुम्ही हात पुसत उठला असता आणि जॅक आणायला गेला असता. मला मात्र ते समजायला लहानपणी किती वेळ लागला होता! बूट म्हणजे पायातला, हे डोक्यातून जात नव्हतं. मग तुम्ही गॅरेजातल्या लाकडी खोक्यावर मला बसवून सांगितलं होतं, इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा एक दांडा असतो, दांड्याच्या टोकाला सांधा असतो, सांध्यात ग्रीस असतं, आणि ते ग्रीस बाहेर सांडू नये, धूळ आत जाऊ नये म्हणून वरून हा रबराचा बूट. "मरुदानल्लूरच्या भजनांत पेटी पाहिलीस ना? तिचा भाता कसा असतो? तसा हा भाता. तो फाटला कीं पेटी वाजत नाहीं. हा फाटला कीं गाडी वाजते." तुमच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी फार थोड्या वेळा ऐकली आहेत, म्हणून ती जशीच्या तशी आठवतात.

स्वामीमलैहून परत येत होते. मूर्ती ओतणाऱ्या कामगारांची बैठक होती. मी गेले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, दिलेली कॉफी प्यायले आणि एक शब्द न बोलता निघाले. कुणी अडवलं नाही. आई गेल्यापासून माझ्याशी सगळे जपून वागतात. नदीच्या पुलाआधी वळण घेतलं आणि चाकाखालून टक, टक, टक असा आवाज आला. घरी येऊन तुम्ही शिकवलं होतं तसं वाकून चाकाच्या आतल्या बाजूला पाहिलं. काळ्या ग्रीसचे शिंतोडे अर्धगोल उडाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या मैदानावर नेऊन, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मी गाडी गोल गोल फिरवली. काच खाली केली होती. तुम्ही असंच करायचा. मी शाळेत असताना एकदा वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन गॅरेजात आले होते. तुम्ही कुणाची तरी गाडी तपासायला निघाला होता, मीही मागे चढून बसले. तुम्ही मैदानात गोल फिरवत होता आणि मी मागच्या सीटवर उभी राहून ते भाषण पुन्हा करत होते, हातवाऱ्यांसह. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तोंड मिट. गाडी बोलते आहे." बास. एवढंच. घरी येऊन मी आईपुढे रडले होते. बक्षिसाबद्दल तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत. पुढे मी हजारो माणसांपुढे बोलले, सरकारला जाब विचारला, वाळू उपसणाऱ्यांच्या दारात उभी राहून नदीसाठी बोलले, पण प्रत्येक वेळी माईकसमोर उभी राहिले की क्षणभर मला तुमची ती पाठ दिसायची, आणि मग मी जरा जास्तच मोठ्याने बोलायचे.

या वेळी मैदानावर मला टक टक अगदी स्पष्ट ऐकू आलं. आधी कधी ऐकू यायचं नाही, कारण गाडी चालवताना माझ्या डोक्यात सतत कुठलं ना कुठलं भाषण चालू असायचं. आता तिथे काही चालू नव्हतं.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. आई गेली. तिला त्रास झाला नाही. दुपारी जेवली, आडवी झाली आणि उठली नाही. मी सगळं रीतीने केलं. कुणाला काय सांगायचं, कुठे काय आणायचं, सगळं ठरवलं. लोक म्हणाले, किती खंबीर बाई. खंबीर नव्हते, अप्पा. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ कसा दुसऱ्याचा वाटतो, तसं मला अंगभर झालं होतं. अजूनही आहे. जेवते, झोपते, वर्तमानपत्र वाचते. संताप यावा अशा बातम्या रोज असतात आणि तो येत नाही.

तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही त्या वेळी गॅरेजात असायचा, पण माझं प्रत्येक भाषण आधी आपल्या स्वयंपाकघरात झालेलं आहे. आणि मराठीत. दारासुरमच्या विणकरांसमोर तमिळमध्ये जे गरजायचे ते आदल्या दिवशी आईसमोर मराठीत म्हणून झालेलं असायचं. ती डांगरपचडीसाठी उडदाचं पीठ दह्यात कालवत असायची, मी दाराला टेकून बोलत असायचे. ती वर बघायची नाही. कुठेतरी मध्येच तिचा चमचा थांबायचा. "हें नको." "कां नको?" "हें तूं कुठें तरी वाचलें आहेस. तुला वाटत नाहीं." मी भांडायचे, पुस्तकांची नावं फेकायचे. ती म्हणायची, "वाचलें तें वाच. पण माणसांना बोलावून घेतेस तर त्यांना तुझें सांग." शेवटी ते वाक्य जायचं. जे तिच्या चमच्याला न थांबवता पार पडायचं तेवढंच मी व्यासपीठावर नेलं. तमिळ मला येतं, ते माझंही आहे, त्यात मी लढले आहे. पण खरं-खोटं तपासण्याची जागा मराठी होती, आणि ती जागा एका बाईच्या पाठीमागे होती.

घरात आता मराठी बोलायला कुणी नाही. पुण्याच्या पुस्तकांतून शिकलेलं हे मराठी मी लिहिते, ते वाचून तुम्ही हसायचा. पण ते माझ्याशी बोलत नाही. तुमचं आणि आईचं होतं ते जुनं, पिढ्यानपिढ्या इथे तमिळ मुलखात राहून तमिळ वळणाचं झालेलं, ऐकून पुण्याची मंडळी हसतात ते. ते बोलायचं तर समोर माणूस लागतो. येत्या रविवारी दारासुरमला विणकरांची सभा आहे. मजुरी कापली आहे. रेशीम महागलं की मजुरी कापतात, स्वस्त झालं तरी कापलेली तशीच ठेवतात. ज्या बाईने दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नाच्या साड्या विणल्या तिच्या मुलीचं लग्न... बघा, वाक्य तयार आहे. पूर्वी हे वाक्य मला झोपू देत नसे. आता ते धुवून ठेवलेल्या भांड्यासारखं पडून आहे. सभेत बोलायला मी त्यांना नाही म्हणायचं ठरवलं होतं. चिठ्ठी पाठवायची नाही, स्वतः जाऊन सांगायचं. म्हणून गाडी आधी दुरुस्त करायला हवी होती.

तुमच्या हाताखालचा तो, तुम्ही ज्याला तोंडाळ म्हणायचा, तोच आता तुमच्या जागेवर गॅरेज चालवतो. पोट सुटलं आहे, केस रंगवतो, तोंड तेवढंच आहे. मला बघितल्याबरोबर सुरू झाला, तमिळमध्ये, रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असा.

"या अक्का! आज कोणाविरुद्ध?"

"बूट फाटलाय. डावा."

"फक्त बूट? मला वाटलं सरकार." त्याने खाली वाकून पाहिलं. "अरे वा, चांगलाच फाटलाय. तुम्हाला आवाज कसा ऐकू आला? गाडीत तर तुम्हीच बोलत असणार."

मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माझी बायको विचारते, अक्का हल्ली कुठे बोलत का नाहीत. मी म्हटलं, माईकवाल्याचे पैसे वाचले. तिने मला जेवायला वाढलं नाही." आणि गाडी जॅकवर घेतली.

खोकं अजून आहे, अप्पा. तेच आहे का माहीत नाही, पण तिथेच आहे. मी त्यावर बसले. त्याने चाक काढलं, मधला मोठा नट सोडवला, चाकाखालचा दुसरा एक सांधा मोकळा करून दांड्याचं टोक ओढून बाहेर काढलं. फाटका बूट कापून फेकला. हातोडीचा एक नेमका ठोका मारून सांधा दांड्यावरून उतरवला आणि डिझेलच्या ट्रेमध्ये धुवायला घेतला. आत गेलेली वाळू डिझेलच्या तळाशी बसली. सांध्यातल्या पोलादी गोळ्या एकेक करून उजेडात धरून बघितल्या. "घासल्यात थोड्या. पण जीव आहे. वेळेवर आलात." मी बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. तुमचं गॅरेज, तुमचं काम, तोच वास. वाटायला हवं होतं. मी वाटण्याची वाट बघत बसले, रुग्णालयाच्या बाकावर बसतात तशी.

मग तो नवा बूट दांड्यावर चढवायला लागला. अर्धा गाडीखाली गेला. आधी लहान क्लिप, मग बूट, मग सांधा. सांधा आतल्या कडीवर बसेपर्यंत हळूहळू रेटावा लागतो. खालून आवाज आला.

"दर... दर... हळू. हळू, हळू. हां, बस्स."

खट् असं बसल्याचं ऐकू आलं. मी उठून उभी राहिले होते. कधी उठले कळलं नाही.

त्याने बोटांनी काळं ग्रीस आत भरलं, मोठी क्लिप लावण्याआधी बुटाची कड स्क्रूड्रायव्हरने जराशी उचलली, आतली हवा फुस्स करून बाहेर आली आणि तो म्हणाला, "सोड. सोड. सोड."

धर, हळू, सोड. तुमचा ध त्याच्या तोंडात द झाला होता, बाकी सगळं तुमचं. ती मध्ये थांबण्याची लकबसुद्धा. गॅरेजच्या दाराशी तुम्ही तमिळ बोलायचा, गिऱ्हाइकांशी, कामगारांशी, आमच्याशीही तिथे बहुतेक वेळा तमिळच. पण गाडीखाली गेलात, हात अडचणीत शिरला, तोंड कुणाला दिसेनासं झालं, की मराठी यायचं. आई चेष्टा करायची, "घरीं बोलायचें तें सगळें गाडीखालीं बोलून येतां." आणि खरंच, घरी तुम्ही काय बोलायचा? जेवण झालं, पाणी दे, दिवा लाव. मी समजत होते की तुमच्याजवळ बोलण्यासारखं काही नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "ते हळू हळू काय म्हणतोस?"

"हळू?" तो गोंधळला. "हळू म्हणजे हळू. क्लिप, स्प्रिंग, असलं काही बसवताना म्हणायचं असतं."

"कुठून शिकलास?"

"मेस्त्रींकडून. दुसरं कुठून? दर म्हणजे पकडून ठेव, सोड म्हणजे हवा काढ. सगळे म्हणतात अक्का, बसस्टँडमागच्या गॅरेजातले पण म्हणतात. जर्मन असेल. चांगली हत्यारं तिकडूनच यायची ना."

"असेल," मी म्हणाले.

मी त्याला सांगितलं नाही. एरवी मी सांगितलं असतं. इतिहासासकट सांगितलं असतं, मराठी राजांबरोबर इकडे कोण आले, कधी आले, का राहिले, आणि त्याने हात जोडून म्हटलं असतं, अक्का, गिऱ्हाईक थांबलंय. पण त्याला ते शब्द मराठी म्हणून नको होते. कामाचे म्हणून हवे होते, आणि कामाला येत होते. मी अर्धं आयुष्य ओरडून सांगत आले की भाषा जगते ती वापरणाऱ्यांच्या हातात, गादीवर बसणाऱ्यांच्या नव्हे. टाळ्या घेतल्या त्या वाक्यावर. आई असती तर तिचा चमचा तिथे थांबला असता का, आता सांगता येत नाही.

रडू आलं नाही, अप्पा. तसं काही लिहिणार नाही. ओठ अजून बधिरच आहे. सुईचा अंमल उतरताना एखाद्या जागी मुंगी चालल्यासारखं होतं, तेवढं झालं. गाडी घेऊन मैदानावर गेले, गोल फिरवली. टक टक नव्हतं. आणि त्या शांततेत मी विणकरांच्या सभेचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हटलं, मराठीत, तुमच्या घरच्या मराठीत. एकदा म्हटलं, बरं वाटलं नाही. हें नको, असं मीच म्हणाले. दुसरं म्हटलं. ते राहू दिलं. मग गाडी दारासुरमच्या रस्त्याला लावली, पण नाही म्हणायला उतरले नाही. मागांचा आवाज येत होता, तो ऐकला आणि परत आले. रविवारी जाईन. किती वेळ बोलता येईल ते माहीत नाही.

हे कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून देते आहे. दुसरीकडे कुठे पाठवणार.

एक राहिलं. तुमचा नियम होता, धड वस्तूला हात लावूं नये. आईला सांगायचा, आम्हाला सांगायचा, गिऱ्हाइकाशी त्यावरून भांडायचा. तर डावी बाजू झाल्यावर मी त्या तोंडाळाला म्हटलं, उजवा बूटही बदल. त्याने वाकून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं. "धड आहे अक्का! मेस्त्री वरून उतरतील आणि पाना माझ्या डोक्यात घालतील. तुम्हा भाषणवाल्यांचं हे असंच, एक फाटलं की सगळंच बदला!" मी म्हटलं, बदल. कुरकुरत त्याने गाडी दुसऱ्या बाजूने उचलली.

बूट खरंच धड होता. मलाही दिसत होतं. मी खोकं ओढून उजव्या चाकाजवळ नेलं, गाडीखालचं बोलणं ऐकू येईल इतकं जवळ, आणि बसले.