चहा पाजल्याची पाटी

३ मार्च
सकाळीच सोसायटीचा चेअरमन दारात. बापूराव हॉटेलवाल्याचा नातू. हातात पेढे. "गुरुजी, तुमी आमच्या हाटेलात बसलतात त्याला पन्नास वर्सं झाली. हाटेलाच्या जागी आता आपली इकास सोसायटी हाय, तिच्या वट्यावर पाटी लावायलोत. तुमचा सत्कार बी." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. बसलेल्या पाचांतले मी आणि कौसाबाई, दोघंच उरलोत.

४ मार्च
कौसाबाईकडे गेलो. तिला सगळं लख्ख आठवतं. दुष्काळी काम, खडी फोडणं. मी नुकता मॅट्रिक. आमच्या वस्तीच्या कपबशा हॉटेलाबाहेर कोनाड्यात, पिऊन आपणच विसळायच्या. एक दिवस आम्ही पाच जण सरळ आत जाऊन बाकड्यावर बसलो. बापूराव म्हणाला, "दुस्काळ हाय, तुमचे कप इसळायला पानी न्हाई." बाकीच्यांच्या कपांना होतं! असे चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी त्यानं हॉटेलच बंद केलं. चहा शेवटपर्यंत नाहीच. वर मुकादमानं पाचही नावं हजेरीतून उडवली. पुढं सरकारी सुकडीच्या पिठावर दिवस काढले.

९ मार्च
पाटीचा मजकूर आला. "येथे कै. बापूराव यांनी दुष्काळात दलित बांधवांना प्रथमच चहा पाजला."
तळपायाची आग मस्तकात. पाजला! वासराला पाजतात, लेकराला पाजतात. आणि कधी पाजला? फोन केला. चेअरमन म्हणतो, "आजोबाचं नाव हाय, गुरुजी. कावून ताणायलात? शेवट गोडच झाला की."
कुणाचा?

१० मार्च
मजकूर लिहून नेला. "येथे पाच जण चार दिवस बसले. त्यांना चहा दिला नाही." बास, दोनच वाक्यं. चेअरमननं वाचून खिशात घातला. "अशी पाटी कुनी लावतं का? गावाची इज्जत हाय."
गावाची इज्जत. आमची कोनाड्यात ठेवली होती, तेव्हा कुणाला आठवली नाही ती.

१३ मार्च
मुलाचा अंबाजोगाईहून फोन. "बाबा, जाऊ द्या. नाव तरी निघतंय." जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत सत्तरी आली. आता म्हणे गावात भेद नाही. कसा असेल? कागदी कप आले, पिऊन फेकायचे. विसळायचा प्रश्नच मिटला, सगळे सुधारले!

१५ मार्च
कार्यक्रम. मांडव, हार, दोन पुढारी. पडदा ओढला. तोच मजकूर. "पाजला" चांगलं ठळक.
चेअरमननं फोटोसाठी माझ्यापुढे कप धरला. माईकवर म्हणाला, "गुरुजींना आज आपण पुन्हा एकदा चहा..." कौसाबाई ताडकन उठली. "पुन्हा कशाचं रं? आदी कवा दिलता?"
मी हात मांडीवरून हलवले नाहीत. चेअरमन ओठांतल्या ओठांत, "घ्या की गुरुजी, लोक बघायलेत."
"पाटी उतरव, मग घेतो."
पुढारी गेले. मांडव सुटला. खुर्च्या टेम्पोत. आम्ही दोघं ओट्यावरच, पाटीखाली. हे तिथंच लिहितोय. चेअरमन दोनदा येऊन गेला, एकदा हात जोडून, एकदा डोळे वटारून.
कौसाबाई विचारते, "उद्याला बी बसायचं का गुरुजी?"
म्हटलं, भाकरी बांधून आण.