धावजीची लाइन चालू आहे

४ ऑगस्ट, आर्णी
आले बाबा एकदाची! खोली बसस्टँडमागे, खाली समोशाची भट्टी, म्हणजे उपाशी मरायची भीती नाही. काम झकास: संस्थेच्या अँब्युलन्सचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. गावातून फोन आला की कॉल रांगेत लागतो, मोकळ्या गाडीच्या मोबाइलवर जातो. ड्रायव्हर 'निघालो' दाबतो, पेशंट दवाखान्यात सोडला की 'पोचलो'. तोवर त्याला दुसरा कॉल मिळत नाही. सोपं आहे.

७ ऑगस्ट
सोपं कसलं! साप चावलेल्या बाईचा कॉल अडकून पडला, ती थोडक्यात वाचली. कॉल गेला होता धावजी राठोड या ड्रायव्हरच्या मोबाइलवर, आणि धावजी उन्हाळ्यातच अपघातात गेला. माणूस नाही, लाइन चालू! रूपसिंग ड्रायव्हरला झापलं. तो म्हणाला, सुखीबाईनं नवऱ्याचा मोबाइल फोटोपुढं चार्जिंगले ठेवला हाये, कॉल आला का वाजते, तिले बरं वाटते, कायले तोडता मॅडम. सगळ्यांना ठाऊक होतं. माया समजते हो, पण पेशंटनं काय करायचं?

८ ऑगस्ट
नवा नियम लावला. कॉल गेला की ड्रायव्हरनं बटण दाबून ओ द्यायची. ओ नाही, तर लाइन बंद, कॉल पुढच्या गाडीला. सुखीबाईंकडून मोबाइल मागून आणला. त्या रडल्या, मलाही भरून आलं. तरी सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

११ ऑगस्ट
धावजीच्या लाइननं ओ दिली.
लाइन तोडली, परत जोडली गेली. पासवर्ड बदलला, नाव खोडलं. आहेच! कोणीतरी चेष्टा करतंय. सापडला की त्याची खैर नाही.

१३ ऑगस्ट
नेमसिंग नावाच्या म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली. धावजीच्या लाइनवर 'निघालो'. मी घाईनं रूपसिंगला पाठवलं. घरचे त्याला म्हणाले, तुमच्याच गाडीनं नेलं ना आताच, ड्रायव्हरनं काच बी खाली नाही केली.
कुठल्याच दवाखान्यात ते नाहीत. धावजीची गाडी तर भंगारात गेलीय.
स्क्रीनवर आलंय — 'पोचलो'.

१४ ऑगस्ट
रूपसिंग म्हणतो, पूजा घालू. घाला. सेवा बंद केली तर माणसं मरतील, साप थांबत नाहीत. आणि पेशंट मी त्याला देणार नाही. एकही नाही!
हातातला कॉल संपल्याशिवाय दुसरा नाही. नियम त्यालाही लागू. मग न संपणारा कॉल घे —
थेट त्याच्या लाइनवर टाकला. पेशंट: नाहिद शेख, म्हणजे मीच. पत्ता: हेच ऑफिस.
'निघालो.'

१५ ऑगस्ट
समोरच्या शाळेत झेंडावंदन. दारात पांढरी गाडी. काचा बंद.
बाकीचे कॉल रूपसिंगला जातायत. पेशंट पोचतायत. मी बसत नाही तोवर तू अडकलास. राहा उभा, लेका!

गाडीचं मागचं दार उघडलं — आपोआप. पाय तिकडेच ओढतायत. ओढणीनं स्वतःला खुर्चीला बांधलंय —

खुर्ची सरकतेय. उंबरठ्याशी —
नाही बसणार. ऐकलंस? जोवर मी धरून आहे, तोवर तुला दुसरं कोणी मिळणार ना—