पूर्वीच्या कपड्यांना एरंडेलाचा वास

चिंचपोकळी,
मे महिन्यातला शेवटचा सोमवार

सुभद्रावन्सं,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. गुडघा आता कसा आहे? तेल लावून घेता ना रोज? (लावते म्हणाल, पण मला खात्री नाही.) आंब्याची पेटी पोचली. तुम्ही पाच डझन लिहिलं होतं, मी दोनदा मोजले तर एकोणसाठ भरले. ट्रान्सपोर्टवाल्याबद्दल काही बोलत नाही, कारण पेटी घरात उचलून आणली ती तुमच्या बंधूंनी, आणि त्या दिवशी ते जेवताना भात कमी वाढ म्हणाले. असो. फोन केला नाही याचा राग मानू नका. फोन आला की तुम्ही स्पीकरवर लावता, आणि मग आमच्या घरातली गोष्ट तुमच्या वाडीत शेवटच्या माडापर्यंत जाते. शिवाय तुमची सून आणि माझी सून रोज एकमेकींना मेसेज करतात हे मला ठाऊक आहे.

तर विषय आमच्या नातीचा, पूर्वीचा. आमचा अनिश आणि सीमा ठाण्याला तेविसाव्या मजल्यावर राहतात. खाली पोहायचा तलाव, स्केटिंगचं अंगण, सगळं आहे. पण दोघांच्या कचेऱ्या, त्यामुळे सुट्टीला पूर्वीला आमच्याकडे धाडली. सोबत एक बॅग आणि सीमाचा हा एवढा लांब मेसेज. पोरीला काहीतरी ॲक्टिव्हिटी लावा. मोबाइल नको, ऊन नको, आणि उंचावर काही म्हणजे काही नको. शेवटच्या ओळीचं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी स्केटिंग करताना पडली आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. हात बरा झाला, पण पोर बदलली. नऊ वर्षांची मुलगी, आणि उंबरा ओलांडायचा तरी "आजी, चालेल?" असं विचारते. खुर्चीवर बसू का, खिडकीजवळ जाऊ का, सगळ्याला "चालेल?" वन्सं, लहान मूल इतकं शहाणं वागायला लागलं की मला धास्ती वाटते.

म्हणून क्लास शोधायला मी स्वतः बाहेर पडले. परळला एका ठिकाणी मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात असं कळलं. म्हणे मेंदू जागा होतो. मी म्हटलं, पट्टी द्या इकडे. बांधली, आणि नाकाच्या बाजूच्या फटीतून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर चतुर्थीसकट वाचून दाखवलं. मला चहासुद्धा न विचारता बाहेर काढलं. मग दादरला व्यक्तिमत्त्व विकास. तिथल्या बाईंनी मलाच फॉर्म दिला, त्यात प्रश्न : मूल घरी मोकळेपणाने बोलतं का? मी विचारलं, तुमच्याकडे आल्यावर काय बोलायला लागेल ते आधी सांगा, मग ठरवते. नाचाच्या क्लासला गेले तर त्याच हॉलमध्ये एका कोपऱ्यात बारसं चाललं होतं. घुगऱ्या चांगल्या होत्या, पण क्लास मनात भरला नाही.

शेवटी दादरलाच एका बकुळा मॅडमचा ॲबॅकसचा क्लास सापडला. मणी सरकवून गणितं करायची. जमिनीवर बसून, पंख्याखाली. यात कुठून पडणार? नाव घातलं. आणि इथेच मला पहिली शंका आली. तुमचे बंधू आपण होऊन म्हणाले, मी नेत जाईन रोज. वन्सं, हा माणूस शिवडीच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून तीनदा सांगितल्याशिवाय कोथिंबीर आणत नाही. (रागावू नका, तुमचे भाऊ आहेत, पण खरं ते खरं.)

आठ दिवसांत चिन्हं दिसू लागली. पूर्वी चार चार पोळ्या खाऊ लागली. मणी सरकवून इतकी भूक लागते? पोटरीवर लाल वळ उठले होते. विचारलं तर "आजी, ते असंच." आणि कपड्यांना वास. मी फ्रॉक नाकाशी धरला, तर एरंडेल! पहिला संशय अर्थातच यांच्यावर गेला. वाटलं, पोटाची तक्रार लपवतायत आणि चोरून एरंडेल घेतायत. म्हणून दोन दिवस यांना पपई खायला घातली. हे गुपचूप खात राहिले, वास काही जाईना. मग वाटलं, त्या बकुळा मॅडम गणित चुकलं की मुलांना एरंडेल पाजतात की काय! मी पूर्वीला सत्तेचाळीस आणि अडतीस किती म्हणून विचारलं. ती बोटं मोजत बसली.

गुरुवारी मी पाठलाग केला. डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी. दोघं दादरच्या बसला न जाता सरळ लालबागच्या दिशेने चालू लागली. मी मागे. तेवढ्यात आमच्या शेजारच्या गंगुबाईंनी रस्त्यापलीकडून ठणाणा केला, "शकूताई, तोंड लपवून कुठे निघालात?" मी झटकन एका मसाल्याच्या डंकावर शिरले. मे महिना, सगळ्या मुंबईच्या मिरच्या तिथे कुटायला आलेल्या. अकरा शिंका आल्या. डोळे पुसून बाहेर आले तोवर दोघं मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेच्या दारातून आत जात होती.

आत डोकावले आणि दाराची चौकट धरली. मधोमध मल्लखांब, एरंडेलाने चकचकीत. त्याच्या टोकाशी, माझ्या डोक्यापेक्षा उंच, आपली पूर्वी. खाली डोकं, वर पाय. आणि खाली तुमचे बंधू दोन्ही हात पसरून उभे, जणू फणस झेलायचाय. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले आणि पोर दचकली तर? पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि उभी राहिले. शिकवणारी जुई नावाची विशीतली मुलगी खालून शांतपणे सांगत होती, "घाई नको. आधी पाय घट्ट, मग हात सोड." पूर्वीने हात सोडला. वन्सं, माझं काय झालं ते लिहिता येत नाही.

खाली उतरल्यावर तिने मला पाहिलं. चेहरा एकदम पहिल्यासारखा झाला, घाबरट. "आजी, चालेल?" म्हणाली.

मी आधी यांच्याकडे वळले. हे मान खाली घालून म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी ह्या दारात अर्धो तास उभी ऱ्हवली. म्हणाली, आजोबा, माका ह्या करूचा हा. वर्सभरात चेडवान पयल्यांदा कायतरी मागल्यान, शकू. नाय कसा म्हणू?"

मला बोलायचं बरंच होतं. पण मी जुईला बाजूला घेऊन गादी किती जाड, खांब कोण तपासतं, डॉक्टर किती लांब, एवढंच विचारलं. मग पूर्वीला म्हटलं, चालेल.

खरी परीक्षा काल होती. सुट्टीच्या वर्गाचं प्रात्यक्षिक. अनिश आणि सीमा पूर्वीला न्यायला आले, त्यांना फक्त "क्लासचा कार्यक्रम आहे" एवढंच सांगून तिथे बसवलं. सीमाने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, हे काय आहे?"

"ॲबॅकस," तुमचे बंधू म्हणाले. (भीतीने. मी त्यांना दोष देत नाही.)

तेवढ्यात पूर्वीचं नाव पुकारलं. ती सरसर वर गेली, खांबाला धरून अंग आडवं ताणलं, वाऱ्यावरच्या पताकेसारखं. सीमाने माझं मनगट पकडलं, तिच्या चार नखांच्या खुणा अजून आहेत. पण ओरडली नाही. पोर उतरल्यावर ती सरळ जुईकडे गेली. गादी किती जाड? खांब कोण तपासतं? डॉक्टर किती लांब? सून माझीच शोभते.

पूर्वी धावत आली. "मम्मी, मी दोनदा पडले पण. गादीवर पडलं की नुसता आवाज येतो. लागत नाही."

सीमा त्या गादीवर खाली बसली. हाताने दाबून बघितली. मग म्हणाली, "एकदा परत कर बघू."

तर ठरलं आहे. शाळा सुरू झाली तरी दर शनिवार-रविवार पूर्वी आमच्याकडे येणार आणि मल्लखांब करणार. आईचं काळीज शेवटी विरघळतंच, वन्सं. काल निघताना पोर जिन्याच्या तीन पायऱ्या एकदम उडी मारून उतरली आणि कोणाला काही विचारलं नाही.

तुमच्या सुनेला आशीर्वाद, पण पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.

तुमची,
शकू

ता. क. आईच्या काळजाचं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. काल घरी आल्यावर सीमा पुन्हा नाहीच म्हणत होती. तेव्हा मी सांगून टाकलं की हे आपल्या घराण्यातच आहे, पूर्वीच्या आत्याआजी देवगडात लहानपणी मल्लखांब करायच्या आणि एकदाही पडल्या नाहीत. तुमचं नाव ऐकून ती नरमली. ती येत्या रविवारी तुम्हाला फोन करून विचारणार आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने धाडते आहे. कृपा करून हो म्हणा.

आणखी ता. क. तुम्ही लहानपणी माडावर चढायचात असं हे म्हणतात, म्हणजे अगदीच पाप नाही.

शेवटचं. सीमा संशयी आहे, बारीकसारीक विचारेल. किती वर्षं केलंत म्हणाली तर जपून. मी सहा सांगितलीत, आणि तुमचे बंधू माझ्याआधीच आठ सांगून बसलेत. तुम्ही आपली सात सांगा.