चारही भिंती काँक्रीटच्या

३ ऑक्टोबर १९९३, रविवार

गुरुवारच्या भूकंपापासून सगळं गाव उघड्यावर झोपायलंय. आपल्याकडं नुसती भांडी वाजली, पण तिकडं किल्लारीला दगडमातीच्या भिंतींनी माणसं झोपेतच गाडली. पेपरातले फोटो पाहवत नाहीत. आमचं घर तसल्याच भिंतींचं. अर्ध्यात मी, अर्ध्यात धाकटा भाऊ लिंबाजी, मध्ये सामाईक भिंत.

निर्णय घेतला. नवं घर. दगड नाही, विटा नाहीत. चारही भिंती काँक्रीटच्या.

दुसरा निर्णय: राग सोडला. पाथरीच्या डॉक्टरांनी बीपी सांगितलंय. शिवाय मी पोलीस ठाण्याच्या शांतता समितीचा मेंबर. मुळात मला राग येतच नाही, लोकांचा गैरसमज असतो. आता तोही नको.

सौ. मनकर्णाला सांगितलं. ती म्हणाली, पहिलं काय पाडायलाव, घर का राग? दोन्ही, म्हणालो. हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१० ऑक्टोबर

लिंबाजीला समजावून सांगितलं. मधली भिंत काढावी लागेल, त्यानं खोल्या मोकळ्या कराव्यात. तो म्हणाला, दादा, काढा की, मी कुठं नको म्हणायलोय? पण कापूस घरात यायलाय. संक्रांत होऊ द्या, मग शेतात छप्पर घालून जातो.

मी अत्यंत शांतपणे सांगितलं, की भूकंप संक्रांतीची वाट बघत नसतो. शांतपणे सांगतानाच हातातला तांब्या निसटला आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या लिंबाजीच्या कपाळाला लागला. खोक पडली. त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, हळद दाबली.

हल्ली तांबे फार गुळगुळीत करतात.

२ नोव्हेंबर. परभणी

इंजिनिअरकडं गेलो. पोरगेला, चष्मेवाला. म्हणाला, कॉलम-बीम काँक्रीटचे करा, मधल्या भिंती विटांच्या चालतील, घर मजबूत होईल. मी म्हणालो, भिंतीही काँक्रीटच्याच. त्यानं विचारलं, घर बांधायचंय का पाण्याची टाकी?

मी फक्त टेबलावर हात ठेवला. काच फुटली. ती आधीच तडकलेली असणार. हाताला टाके पडले. रिक्षावाला पट्टी बघून काय झालं म्हणाला, त्यालाही समजावून सांगावं लागलं.

नकाशा मीच काढणार. चार भिंतींना नकाशा कशाला लागतो?

२४ नोव्हेंबर

काम आश्रुबा मिस्त्रीला दिलं. गावातलाच, बौद्धवाड्यातला. हात चांगला. मी जातपात मानत नाही. फक्त पाण्याचा माठ वेगळा ठेवलाय. तो आपलं पाणी घरूनच कॅनमध्ये आणतो, त्यामुळं तो माठ भरलेला तसाच.

त्याचं म्हणणं, खिडक्या ठेवा मालक, उन्हाळ्यात आत भाजून निघाल. मी म्हणालो, खिडकी म्हणजे भिंतीला भोक. तो पुन्हा बोलला. मी थापी त्याच्याकडं परत दिली. जरा लांबून दिली. त्यानं मान काढून घेतली म्हणून बरं. थापी सिमेंटच्या पोत्यात घुसली.

राग नव्हता. घाई होती.

१९ डिसेंबर

माझा अर्धा भाग पाडला, तीन बाजूंचा पाया झाला. आता मधली भिंत. लिंबाजी अजून तिथंच. आज म्हणालो, मीच सुरू करतो. घण आणायला गेलो तर घण नाही. सौ.ने विहिरीत टाकला. तोंडावर सांगते, टाकला. म्हणाली, माणसं राहायलीत त्या भिंतीमागं, तुमाला दिसंना का?

बैलांच्या टोपल्याला लाथ मारली. टोपलं सिमेंटचं निघालं. अंगठा काळा पडलाय. सिमेंटच्या मजबुतीवरचा विश्वास मात्र वाढला.

पाथरीहून नवा घण आणला. पहिल्यापेक्षा जड.

१३ जानेवारी १९९४

ठाण्यात शांतता समितीची बैठक. उद्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होणार म्हणतात. अठ्ठ्याहत्तर साली जी जाळपोळ झाली ती पुन्हा नको, म्हणून साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मी संयमावर बोललो. माणसानं हात आवरला की गाव आपोआप आवरतं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. आमच्या गावात पानही हलणार नाही, पोलिसांच्या गाडीची गरज नाही, असा शब्द दिला. साहेब म्हणाले, तरी पाठवतो. चहा चांगला होता.

१४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

गाव पूर्ण शांत राहिलं. आधी ते लिहितो. विद्यापीठाला नाव लागलं. बौद्धवाड्यात पेढे वाटले, निळे झेंडे लागले, कुणी कुणाला वाकडं बोललं नाही. पोलिसांची गाडी पारापाशी नुसती उभी.

आमच्याकडं थोडं झालं.

आज संक्रांत. लिंबाजीनं संक्रांत म्हटलं होतं, म्हणजे मुदत संपली. आश्रुबाची सुटी, म्हणून मीच घण घेतला. बाजूला व्हा रे, असं एकदा ओरडलो. थोडे घाव बसले तेवढ्यात लिंबाजी धावत आला. दादा, केवळा आत हाय, बाया वाण घ्यायला यायल्यात, आजचा दिस थांबा. मी म्हणालो, मुदत. त्यानं घणाचा दांडा धरला. सोडेना, म्हणून दांड्याचं टोक त्याच्या छातीला लागलं.

लागलं नाही. मारलं.

तो पडला, उठला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यावर हात उचलला. कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात घातला. रक्त डोळ्यांत उतरलं. पुढचं मला नीट दिसत नव्हतं. घण फिरवत राहिलो. भिंतीवर, असं माझं मत आहे. वरून माती गळायला लागली तसा लिंबाजी केवळाबाईला काढायला आत पळाला. तिला त्यानं बाहेर ढकललं, आणि भिंत आतल्या अंगाला कोसळली.

धूळ बसली तेव्हा लिंबाजी कमरेपर्यंत दिसत होता. दादा, पाय, म्हणाला. एवढंच. मी घण धरून उभा.

बौद्धवाड्यातली माणसं पळत आली. आश्रुबाच्या अंगात नवा पांढरा सदरा होता. तसाच गुडघ्यावर बसून तो हातानं दगड उपसायला लागला. पोलीसही लागले. लिंबाजीला त्यांच्याच गाडीत घालून परभणीला नेलं. सौ. आणि केवळाबाई गाडीत बसल्या. मी चढायला गेलो तर सौ.ने दार ओढून घेतलं.

साहेबांनी गाडी पाठवली ते बरं केलं.

२२ जानेवारी

डॉक्टरांनी पाय ठेवला नाही. गुडघ्याखालून काढला.

जमादार येऊन गेले. लिंबाजीनं जबाब दिलाय, की भिंत भूकंपानं खिळखिळी झाली होती, आपली आपणच पडली. म्हणजे भिंत धोक्याची होती हे शेवटी त्यानंही मान्य केलं. मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

जमादारांनी वही मिटली. चहा घेतला नाही.

१३ फेब्रुवारी

आश्रुबा काम सोडून गेला. थापी, ओळंबा उचलला. का, म्हणून विचारलं. म्हणाला, मालक, त्या दिवशी तुमी दगड काढायला खाली वाकला असता तर कामावर आलो असतो. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो हलला नाही. मग मीच थांबलो, डोक्याचे टाके दुखत होते म्हणून.

बाहेरची टोळी आणली. सळ्या बांधल्या, फळ्या ठोकल्या, काँक्रीट ओतणं सुरू.

२७ मार्च

फळ्या काढल्या. काय भिंती आहेत! घण मारून बघितला, टवका निघाला नाही, मनगट मात्र मुरगळलं. दाखवायला कुणी नव्हतं. टोळीवाले हिशेब करून गेलेले. सौ. लिंबाजीच्याच घरी राहते. त्यानं पडक्या बाजूला पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड घातलाय, वर पत्रे. तिला निरोप धाडला, की घर तयार आहे. उलट निरोप आला, राहा.

वास्तुशांतीला भटजी आले. जेवायला भटजी आणि मी.

८ मे

आत थांबवत नाही. भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर आग ओकतात. खिडकी पाडावी म्हणून छिन्नी लावली, छिन्नी मोडली. भिंतीला लाथा घातल्या. आरडाओरडा केला. बाहेर काहीच ऐकू जात नाही हे नंतर कळलं.

पाथरीचा खतवाला बघायला आला होता. चारी बाजूंनी फिरला, भिंत थोपटली, खूश झाला. आबासाहेब, गोदामाला असं दुसरं बांधकाम तालुक्यात न्हाई, म्हणाला. त्याला हाकलून दिलं.

१८ मे

खतवाल्याला बोलावून घेतलं. चावी दिली.

२९ मे, रविवार

दुपारी वळकटी घेऊन लिंबाजीच्या दारात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. चूक दोघांचीही होती, इथपासून सुरुवात करणार होतो. तो कुडाजवळ बाजेवर पडला होता. लुंगी एका बाजूला सपाट. कुडातून वारा येत होता. मी सुरुवात केलीच नाही. केवळाबाई उठून आत गेली. सौ.ने कोपऱ्यात माझ्यासाठी पोतं टाकलं. मी आडवा झालो. कित्येक दिवसांनी डोळा लागला.

जाग आली तेव्हा लिंबाजी उठायची धडपड करत होता. कुबडी लांब पडली होती. मी पटकन उठून हात पुढं केला. म्हणालो, धर.

त्यानं हाताकडं बघितलं. मग वहिनी, अशी हाक मारली.

सौ. आली, त्याच्या काखेत खांदा दिला. दोघं बाहेर गेले. मी हात तसाच धरून उभा होतो. मग खाली घेतला.