पौर्णिमेचं भूमिपूजन

वाणगाव
५ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप भगवंतमामा यांना सुगंधाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा आहे. इकडे सगळी माणसं खुशाल आहेत. फक्त माझी एक चप्पल केळव्याच्या खाडीत गेली. ती का गेली हे सांगायला हे पत्र.

मागच्या पत्रात मी तुम्हाला आग्रह केला होता की, बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे कमलाकांतशेटच्या खाडीकाठच्या प्लॉटच्या योजनेत, ‘सागरनगरी’त गुंतवा. तेव्हा मी गरिबाला हक्काचं छप्पर देण्याच्या कार्याला लागले होते. (कार्य हा शेटचा शब्द. नोकरी म्हटलं असतं तर पगार द्यावा लागला असता.) मला तीन प्रकारची माणसं जमवायची होती: प्लॉट विकणारे एजंट, कर्ज देणारा सावकार आणि त्या कर्जाला तारण देणारा भागीदार. एजंट अळंब्यांसारखे उगवले. ज्याला प्लॉट दाखवावा तो विचारी, “ताई, घेनाऱ्याला प्लॉट, मग इकनाऱ्याला काय?” मी प्रामाणिकपणे दलालीचा आकडा सांगे आणि तो तिथेच एजंट होई. असे एकवीस एजंट झाले, गिऱ्हाईक एकही नाही. ते एकमेकांनाच प्लॉट दाखवत फिरत. शेट म्हणाले, चळवळ अशीच वाढते. मी ते वहीत लिहून घेतलं.

सावकार मिळाले पालघरचे वामनशेट. भागीदार मिळाले माझेच वडील, आपले आबा. (हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी लिहिलं नाही.) घरामागचं दीड एकर शेत तारण ठेवायचं आणि भूमिपूजनाच्या दिवशी सही करायची, असं ठरलं. आईनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

कमलाकांतशेट गिऱ्हाइकांना जमीन नेहमी अष्टमीलाच दाखवत. मी त्यांना देवीभक्त समजत होते. भूमिपूजनाची तारीख ठरवताना ते मुंबईला होते. मी विचार केला, एवढ्या मोठ्या कार्याला अष्टमी कशाला? सरळ माघी पौर्णिमा, दुपारी बाराचा मुहूर्त! मंडप घालत होतो तेव्हा मासळी सुकवणारी लाडकीबाई येऊन म्हणाली, “पोरी, आज पुनव हाय. उधानाचं पानी हितं मांडीला लागतं. आमी मासळीच्या वलनीपन उचलल्या.” मी तिला नकाशा दाखवून समजावलं की इथे बालोद्यान आहे.

बाराला बालोद्यान भरलं. आधी नारळ निघाला, मग पाट, मग माझी एक चप्पल, मग भटजी. वामनशेट खुर्चीवर चढले आणि खुर्ची रुतली. त्यांच्या हातातला स्टँपपेपर आबांच्या सहीची वाट न बघता खाडीकडे गेला. एकवीस एजंटांतला झुंबर काठावरून ओरडला, “ताई, जमिनीला होडीसकट भाव लावा!” लाडकीबाईनं नंतर सांगितलं की अष्टमीला भरती कमजोर असते, तेव्हा पाणी इथवर चढत नाही. आमच्या बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, चंद्र नव्हता.

मी ते कार्य सोडलं आहे. तुम्ही एक पैसाही पाठवू नका.

तुमची भाची,
सुगंधा

ता.क. खरं काम पुढे आहे. आबा अजून सही करायला तयार आहेत! म्हणतात, “पदवी घेतलेली पोर चुकंल कशी? पानीच चुकलं आसंल.” मी चुकले हे मीच सांगते आहे, तर म्हणतात, शिकलेली माणसं असं नम्रपणानं बोलतात. वामनशेट नवा स्टँपपेपर घेऊन येत्या अष्टमीला येणार आहेत. त्याआधी येऊन आबांचा हात धरा. आई तुमची वाट बघते आहे (हे तिनं मला खुणेनं सांगितलं).

पुन्हा ता.क. येताना पैसे घरी ठेवा. कालपासून आबा बाविसावे एजंट झाले आहेत आणि त्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं आहे. ते तुम्हाला कोरडी ठणठणीत जमीन दाखवतील. तुम्ही नाही म्हणू नका, त्यांचं मन मोडेल. फक्त म्हणा, पौर्णिमेला घेतो.