उम्म सबरीच्या मनगटावरचे डाग

हातेम,

तू आंघोळीला गेलायस, म्हणून लिहून जाते. लैला झोपली आहे. उठली तर दूध कोमट करून दे. पडदा ओढू नकोस. समुद्राचा उजेड भिंतीवर हलत असतो, तो बघत ती शांत पडते.

तिला पाजताना माझाही डोळा लागला. सगळं पाण्याखालच्यासारखं मऊ, निळसर झालं, आणि त्यात उम्म सबरीचा हात दिसला. सकाळी आपल्या औषधांच्या दुकानात गोळ्यांसाठी पुढे केलेला, मनगटावर काळेनिळे डाग. दचकून उठले. ती हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते, त्याचेच ते डाग, आणि मी तिला गुडघेदुखीच्या चार गोळ्या कापून दिल्या! दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मी डॉक्टरांचा कागद मागितला होता. तुझे बाबा हसले, "अगं डॉक्टरीणबाई, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण ती, तिला कसले कागद मागतेस?" आणि मी कात्री उचलली.

ती फोन घेत नाही, म्हणून घरीच जाते. बाबांचं नाव घेणार नाही, चूक माझी म्हणूनच सांगेन. पण उद्यापासून मी कागद मागितला की त्यांनी हसायचं नाही, हे त्यांना तू सांग.

दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर ती जेवते, आणि गोळी जेवणावर घ्या असं मीच सांगितलंय. अजून बांग झालेली नाही.

रीम