गौरी जेवल्या त्या दिवशीचा काळा टीशर्ट

बाबा, तुम्ही होतात तेव्हा आपल्याकडे साधा फोनही नव्हता, त्यामुळे हे कुठून सांगायला घ्यावं तेच मला समजत नाही. इथे न्यू जर्सीत तुमच्या नातीचं कॉम्प्युटरवर स्वतःचं एक पान आहे. तिच्या वयाच्या सगळ्याच पोरांचं असतं. त्यावर फोटो लावायचे, गप्पा मारायच्या, आणि एकाने काही लिहिलं की शंभर जणांनी ते पुढे धाडायचं. दक्षिणेतल्या कुठल्याशा गावात कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर भलतेच कडक खटले भरलेत, अमुक दिवशी सगळ्यांनी त्यांच्यासाठी काळे कपडे घालायचे, हा निरोप असाच फिरत तिच्याकडे आला. मी विचारलं, "पण हे ठरवलं कोणी? पुढारी कोण?" ती म्हणाली, "नो वन, आई. एव्हरीबडी." माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आदल्या दिवशी तिने काळ्या टीशर्टातला स्वतःचा फोटो त्या पानावर लावला. खाली नाव, गाव, सगळं.

नेमक्या त्याच दिवशी आमच्याकडे गौरी जेवणार होत्या. सकाळी मी पुरण वाटतेय आणि ही काळा टीशर्ट घालून जिना उतरते. मी म्हटलं, "घरात गौरी बसल्यात आणि काळं? आधी बदल ते. आणि त्या पानावरचा तो फोटोपण काढून टाक." "आई, इट्स जस्ट वन डे." "गौरीही एकच दिवस जेवतात," मी म्हटलं. ती पिवळा कुर्ता घालून शाळेत गेली. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तरी खोलीबाहेर येईना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्गातल्या सगळ्यांना तो निरोप हिनेच पाठवला होता. सगळे काळ्यात आणि ही एकटी पिवळ्यात. तिची मैत्रीण, शेजारच्या बिल्डिंगमधली कृष्णवर्णीय मुलगी, बसमध्ये उठून दुसरीकडे जाऊन बसली.

तेव्हापासून तुमची काळी फीत डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑफिसात एका शिपायाला माठाला हात लावू देत नव्हते म्हणून तुम्ही एकटेच दंडाला फीत लावून गेलात. मी तिसरीत होते, टाचणी मीच लावून दिली. आई म्हणाली, "नसती उठाठेव." महिनाभरात तुमची गडचिरोलीला बदली झाली आणि तीन वर्षं तुम्ही आम्हाला दिवाळीपुरते दिसलात. लोक तुमचं कौतुक करतात तेव्हा मला अजून राग येतो. अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हे कोणाला विचारणार? शिपायाला पुढे पाणी मिळालं का, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. टीशर्ट घालून त्या मुलांचं काय भलं होणार, हेही मला कळत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही ते बरंच आहे. आमचं ग्रीन कार्ड पाच वर्षं अडकलंय. फोटोखालचं आडनाव कोणीतरी वाचेल आणि आमची फाइल बाजूला ठेवेल, त्या सकाळी माझ्या मनात एवढंच होतं. गौरी मला आयत्या वेळी सुचल्या. बायका गेल्यावर तिने विचारलं, "आई, ते खरंच गौरींमुळेच ना? देन इट्स ओके." मी हो म्हटलं. तिने डोळे पुसले, आणि जाऊन गौरींच्या पाया पडली.